तब्येत उतरली

मला पोहायला डॉक्टरांनी पाठवलं, आणि तेही माझ्यासाठी नाही. माझा धाकटा भाऊ लातूरला असतो, एका शिकवणी वर्गात गणित शिकवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं आणि घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या निघाल्या. आईचं वय झालेलं, शिवाय तिला शुगर. भावजयीचा रक्तगट जुळेना. जुळला तो माझा. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझे कागद चाळले, मला काट्यावर उभं केलं, एकदा काट्याकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमची किडनी चांगली आहे. पण एवढ्या वजनात ती काढणं तुमच्यासाठी धोक्याचं. शुगरही काठावर आहे. वजन उतरवा, मग या."

बाहेर बाकड्यावर भाऊ बसला होता. "काय म्हणले?" त्यानं विचारलं.

"लई खाती म्हणले तुझी बहीण."

तो हसला. त्या दिवसांत तो हसला की मला बरं वाटायचं आणि लगेच भीतीही वाटायची.

चालून वजन उतरेल असं सगळेच सांगतात, पण माझे गुडघे आधीच बोंबलत होते. जिना चढताना मी प्रत्येक वळणावर थांबून खिडकीतून बाहेर बघायचं नाटक करायचे. पोहा, पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही, असं डॉक्टरच म्हणाले. मी नांदेडला राहते, तिथल्याच एका शाळेत शिकवते. घरापासून रिक्षानं जाता येईल असा एक तरणतलाव होता आणि तिथं बायकांची वेगळी बॅच होती, भर दुपारी. त्या वेळेला बायका रिकाम्या असतात असं कुण्या पुरुषानं ठरवलं असावं. माझी शाळा सकाळची म्हणून मला जमलं. बाकीच्या कशा यायच्या ते त्यांनाच ठाऊक.

पोहायला मला येत नव्हतं. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूचं. तिथं पोरं विहिरीत पोहायला शिकायची. चुलते भावाच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला सरळ ढकलून द्यायचे आणि मी वर काठावर त्याचे कपडे सांभाळत उभी असायचे. पोरीला पोहता यायला पाहिजे का, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. मलाही नाही.

पहिली अडचण कपड्यांची. दुकानातला पोहण्याचा पोशाख हातात घेऊन पाहिला आणि मुकाट्यानं परत खुंटीला अडकवला. त्यातून सोडवलं ते बॅचमधल्याच एका शिवणकामवालीनं. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या नांदेडचं, बाप शिंपी, आजा शिंपी, आणि ती स्वतः लेडीज टेलरचं दुकान चालवायची. मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत पायजमा, असा पाण्यात न फुगणारा पोशाख तिनं आधी स्वतःसाठी शिवला होता आणि मग निम्म्या बॅचसाठी. माझं माप घेताना मी उगाच पोट आत ओढून धरलं. ती टेप तशीच धरून थांबली.

"सांस छोडो बाजी," ती म्हणाली. ताईला ती बाजी म्हणायची. "फिट्ट सीती मैं. ढीला हुवा तो लाव, अंदर ले दूंगी."

ढीला होईल यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता.

सुरुवातीचे कित्येक दिवस मी कडेचा दांडा धरून नुसते पाय मारत होते. नाकातोंडात पाणी, डोळे लाल, केसांचा झाडू झालेला. आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, ती म्हणजे पाण्यातून बाहेर आल्यावरची भूक. घरी पोचले की सकाळची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरून तेल, असं उभ्यानंच सुरू व्हायचं. वाटायचं, एवढे हातपाय मारलेत, आता हक्क आहे. महिना संपल्यावर काट्यावर उभी राहिले तर वजन होतं त्याहून थोडं वाढलेलंच. काटा बिघडला असेल, असं नवरा म्हणाला. तो भला माणूस आहे.

त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. स्वतःच्या जाडीसाठी मी उभ्या जन्मात रडले नव्हते. पण आता माझ्या अंगावरची चरबी फक्त माझी राहिली नव्हती, ती माझ्या आणि भावाच्या मधे येऊन बसली होती. मग मात्र शिस्तीत लागले. पोहायला जाण्याआधी थोडं खायचं, आल्यावर ताक आणि काकडी, रात्रीचं जेवण दिवेलागणीला उरकायचं. हळूहळू दांडा सुटला, मग तलावाची रुंदी पार झाली, मग लांबी. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. शाळा, वह्या तपासणं, स्वयंपाक, पोहणं आणि रविवारी लातूरची एसटी, या सगळ्यानं मी इतकी थकून गेले होते की पाण्यावर पाठ टेकून नुसतं पडून राहता येतं, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ पोहण्याऐवजी तेच करत असे. दिवसभरात माझ्या अंगाचा भार माझ्यावर नसायचा तो तेवढाच वेळ.

मग वजन उतरायला लागलं, आणि दुसराच ताप सुरू झाला.

आमच्याकडं वजन असतं ते धान्याला आणि भंगाराला. माणसाला तब्येत असते. माणूस जाड झाला की तब्येत सुधारली, बारीक झाला की तब्येत उतरली. आजार आणि बारीक होणं यांना आम्ही एकाच शब्दात बसवलंय, आणि बरं असणं म्हणजे भरलेलं असणं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी माझे दंड दाबून पाहिले आणि निकाल दिला, "पोरीची तब्येत चांगली झाली, सासर चांगलं हाय." आई तेव्हा केवढी खुशीत होती. सासरचं प्रमाणपत्र मी दंडावर घेऊन आले होते.

आता तेच दंड उतरले. स्टाफरूममध्ये नायगावहून जाणंयेणं करणाऱ्या सरांनी आवाज खाली घेऊन विचारलं, "मॅडम, शुगर निघाली काय?" शेजारणीनं घरात काही कटकट तर नाही ना, अशी आडून चौकशी केली. भोकरकडची भाजीवाली काट्यावरची वांगी पिशवीत टाकून झाल्यावर वरून आणखी दोन टाकायला लागली. "खात जा माय," म्हणायची, "तब्येत पार उतरली तुमची." मला जिना न थांबता चढता येत होता. शुगर जागेवर आली होती. झोप लागत होती. पण चांगलं होण्याची माझी सगळी खटपट जगाला दुखणं दिसत होती. समजावून सांगायचा मला मनस्वी कंटाळा यायचा. किती समजावणार, आणि समजावून करायचं काय? खूश होती ती एकटी शिवणकामवाली. पोशाख आत घेऊन द्यायची आणि उरलेला दोरा दातानं तोडून म्हणायची, "बाजी, और एक बार आना पडताच तुमना."

माझं योग्य वजन किती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. डॉक्टरांचा एक आकडा होता, धोक्याच्या अलीकडचा. आरशाचा वेगळा होता. आईचा तर आकडाच नव्हता, ती माझे गाल बघायची.

आई भावाकडंच राहते. मी रविवारी पोचले की दार तिनंच उघडायचं आणि पाणी देण्याआधी माझ्या तोंडाकडं बघायचं. मग जेवायला वाढताना भाकरीच्या पोटात तूप लपवायचं. धपाटे करायचे, त्यांच्यासोबत लोण्याचा गोळा. निघताना पिशवीत डिंकाचे लाडू. मी नको म्हणायचे, ती ऐकायची नाही, आणि भांडायचं त्राण दोघींतही नसायचं. लाडू मी नांदेडला आणून शाळेत वाटून टाकायचे. एखादा खायचेही, खोटं कशाला बोलू.

भावाचा मात्र वेगळाच छंद. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. दिवसभराचं पाणी भावजय त्याला एका बाटलीत भरून द्यायची आणि तो ते जपून घोटाघोटानं संपवायचा. उन्हाळ्यात त्याची जीभ टाळूला चिकटायची. अशा माणसाला मी पोहण्याचं काय सांगणार? मी विषय टाळायचे. तोच काढायचा.

"अक्का, पाणी गार असतंय का गं दुपारचं?"

"वरचं कोमट. खाली गार."

"बुडी मारतीस का?"

"मारती की."

"तोंडात जातंय का?"

"जातंय. लई घाण लागतंय, औषध टाकतेत त्याच्यात."

"तरी बी," तो म्हणायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मग म्हणायचा, "आमच्या लातुरात प्यायला मारामार, आन नांदेडचे लोक पाण्यात लोळायलेत." ही थट्टा तो दर रविवारी करायचा आणि मी दर रविवारी हसायचे.

परीक्षांचे दिवस आले. शाळेत बोर्डाचं केंद्र, वर पेपर तपासणी. लागोपाठ काही रविवार मला लातूरला जाता आलं नाही. मग आईच नांदेडला आली, चार दिवस राहायला. मला मदत होईल म्हणाली. एका दुपारी माझ्याबरोबर तलावावरही आली. पदर डोक्यावर ओढून पायऱ्यांवर सावलीत बसली. लेकीला पोहताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं. मी मुद्दाम न थांबता दोन्ही टोकं गाठली, तिला दिसावं म्हणून. मी बाहेर आले. तिनं माझ्या दंडाला चिमटीत धरून पाहिलं आणि हात सोडून दिला.

ती परत गेल्यावर आठवड्याच्या आतच डॉक्टरांकडं माझी तपासणी झाली. वजन बसलं, शुगर बसली. आता पुढचे कागद करू म्हणाले. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच भावाला फोन लावला. माझं सगळं सांगून टाकलं.

"अक्का, राहू दे," तो म्हणाला. "मला नको तुझी किडनी."

मला वाटलं, आवाज नीट आला नाही. मी पुन्हा विचारलं.

"आई म्हणली, तुझी तब्येत पार उतरली. माझ्यापायी तुझं काही झालं तर? नको. मी हाय तसा बरा हाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर ज्या शब्दानं मला छळलं होतं, तोच नेमका तिथं जाऊन बसला होता. आईनं आपल्या भाषेत सांगितलं, ह्यानं आपल्या भीतीत ऐकलं, असं मी समजले. एवढा शिकलेला माणूस, पण तब्येत उतरली म्हटल्यावर त्याच्याही डोळ्यांपुढं खाटलंच आलं. मी रागातच दुसऱ्या दिवशी रजा टाकली, सगळे रिपोर्ट पिशवीत घातले आणि लातूरची गाडी धरली. अहमदपूरपर्यंत मी मनात त्याच्याशी भांडत होते.

पोचले तर भाऊ पलंगावर बसलेला, आणखी काळवंडलेला. भावजय लेकरांना आणायला गेली होती. मी रिपोर्ट त्याच्यापुढं पसरले. "वाच. गणिताचा मास्तर हायस ना? आकडे वाच."

त्यानं कागद बाजूला सारले. "रिपोर्ट राहू दे अक्का. आई डोळ्यानं बघून आली. पाण्यातून बाहेर आलीस की तुला चक्कर येतीय. उलट्या होतेत. दोनदा पडलीस म्हणं न्हाणीत."

 मला चक्कर कधी आली नव्हती. उलटी नाही. न्हाणीत मी पडले नव्हते. शब्दाची चूक एका शब्दापुरती असते. हे कुणीतरी बसून रचलं होतं.

आई गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालत होती. मी वर गेले. तिनं मान वर केली नाही, पण मी आलेय हे तिला कळलं होतं, कारण तिचा हात थांबला.

"मी न्हाणीत कवा पडले, आई?"

तिनं एक पापड उलटा केला. मग दुसरा.

"न्हाई पडलीस," ती म्हणाली. "खोटं बोलले मी."

"कामून?"

"तो रोज माझ्या डोळ्यादेखत वाळायलाय. त्याच्यापायी मी मन घट केलंय. रोज सकाळी उठून करती. आता तू बी वाळायलीस. तुला बी कापणार. दोघांला एका दिवशी आत घेतील आन मी भायेर बाकड्यावर बसू? कोणत्या दाराकडं बघू? माझ्यानं न्हाई व्हायचं."

"तो मरंल आई."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. अगदी सरळ म्हणाली. "एक जाईल म्हणून मी मन घट केलंय. दोघांसाठी करायचं म्हणलं तर कुठून आणू?"

मला राग यायला हवा होता आणि आलाही. पण त्याच्या आधी दुसरंच काही आलं, आणि त्याची मला लाज वाटली. मला आनंद झाला. आमच्या घरात दुधावरची साय त्याची होती, लातूरची शाळा त्याची होती, विहीरही त्याचीच होती. मी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात धरून होते. आणि ही बाई त्याच्या जिवावर पाणी सोडून मला वाचवायला बसली होती, पापड उलटे करत, उन्हात. मी तिच्याजवळ खाली बसले. 

"ते लाडू बी त्यापायीच दिलते काय? माझं वजन उतरू नये म्हणून?"

"न्हाई गं," ती म्हणाली. "लाडू तुला आवडतेत म्हणून."

मी खाली गेले. भावापासून हे लपवून ठेवणं शक्य नव्हतं. लपवलं असतं तर तो गेला असता. मी त्याच्या पायाशी बसले आणि सांगितलं, "आई खोटं बोलली. मी ठणठणीत हाय."

"मला माहीत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत हाय?"

"तू काल फोनवर एका दमात बोललीस. आधी चार शब्द बोलली की धाप लागायची तुला. तुला काय झालेलं न्हाई, एवढं कळतंय मला."

"मग नको कामून म्हणलास?"

त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. सुया टोचून टोचून त्याच्या त्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या.

"आईनं माझ्याकडं कधी काही मागितलं न्हाई, अक्का," तो म्हणाला. "ह्या घरात जे आलं ते मलाच मिळालं. तुला बी ठाव हाय, मला बी. आता तिनं पैल्यांदा काही मागितलं. तोंडानं न्हाई, पण मागितलं. तुला मागितलं. तिला न्हाई कसं म्हणू मी?"

मी काही म्हणायच्या आत जिन्याकडं आवाज झाला. आई शेवटच्या पायरीवर उभी होती, हात पिठानं पांढरे. किती वेळची उभी होती कोण जाणे. ती येऊन पलंगाच्या कडेला बसली, आमच्या दोघांच्या मधे. तिनं आमच्याकडं पाहिलं नाही, समोरच्या भिंतीकडं पाहत राहिली. एकाएकी ती मला फार थकलेली दिसली. आम्ही तिघंही थकलो होतो. कूलर नुसताच घरघरत होता.

मग तिनं पिठाचा हात पदराला पुसला आणि भावाच्या पाठीवर ठेवला.

"घे तिची," ती म्हणाली.

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं.

"घे म्हणती ना मी. ती द्यायली तर घे." आणि दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं. "पण दोघं बी वापस या."

"हाव," तो म्हणाला. मी मनगट सोडवून घेतलं नाही.